दिलेली झाडं परत मागणारे काका

माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका प्रामाणिक आणि तितकाच तापदायक माणूस अख्ख्या ऑन्टारिओत दुसरा सापडणार नाही. असलाच तर त्याची आणि काकांची अजून गाठ पडलेली नाही, हे ऑन्टारिओचं नशीब. आम्ही राहतो लंडनला. राणीच्या नव्हे, ऑन्टारिओतल्या. त्या मोठ्या लंडनच्या हौसेपायी इथल्या नदीलाही थेम्सच म्हणतात. पाहुणे येतात, पुलावर उभे राहून फोटो काढतात. काका मात्र पहिल्यांदा त्या पुलावर उभे राहिले तेव्हा खाली वाकून बराच वेळ काहीतरी न्याहाळत होते, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "नदी ठीक आहे. पुलाचा उतार चुकला."

काका मूळचे नागपूरचे, पेशाने रस्त्यांचे इंजिनियर. विशी-पंचविशीत कॅनडाला आले ते थेट रेजिनाला, आणि निवृत्त होईपर्यंत त्या सपाट, गोठलेल्या मुलखात रस्ते बांधत राहिले. मुलगी इथल्या इस्पितळात डॉक्टर झाली, तिला मुलं झाली, तेव्हा मावशींनी बिऱ्हाड लंडनला हलवलं. काकांनी हलवलं असं मी म्हणत नाही, कारण काका कुठलीही गोष्ट स्वतःहून हलवत नाहीत. त्यांची भाषासुद्धा पन्नास-साठ वर्षांत नागपूरहून इंचभर हललेली नाही. मावशी पुण्याच्या. त्या "अहो, जरा हळू चालवा" म्हणतात, त्यावर काका "हळूच चालवून राहिलो ना बाप्पा" म्हणतात, आणि या दोन वाक्यांवर त्यांचा संसार सुरळीत चाललेला आहे. लग्नानंतर पहिल्या भेटीत त्यांनी मला "जावईबापू, बसा" म्हटलं होतं. दुसऱ्या भेटीपासून मी "अबे जावई" झालो.

काका जगातल्या कुठल्याही वस्तूवर माप घेतल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. खिशात रुमाल नसेल, पण मोजपट्टी असते. आम्ही नवं घर घेतलं तेव्हा ते नारळ आणि पेढे घेऊन आले, पेढे मावशींच्या हातात दिले, आणि बेसमेंटच्या जिन्यावर बसून एकेक पायरी मोजू लागले. "चौथी पायरी पाऊण इंच उंच आहे," त्यांनी खालूनच जाहीर केलं. त्या दिवसापर्यंत मी त्या जिन्यावर एकदाही अडखळलो नव्हतो. त्यानंतर रोज अडखळतो. रस्त्यात खड्डा दिसला की काका गाडी बाजूला लावतात, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घेतात आणि नगरपालिकेला फोन करतात. तिथली मुलगी आता त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर "किती इंच, सर?" एवढंच विचारते. आणि हिवाळा लागायच्या आधी, थर्मामीटर सात डिग्रीच्या खाली उतरलं की त्या दिवशी सकाळी सर्व नातेवाइकांना एकेक करून फोन येतो. "विंटर टायर्स लावले काय? काहून नाही लावले?" माझा एक मावसमेहुणा कॅलिफोर्नियात राहतो. त्यालाही येतो.

पण काकांची खरी ख्याती होती ती त्यांच्या मेपलमुळे. कॅनडाच्या झेंड्यावर असतो तो थोराड मेपल नव्हे. हा अमूर मेपल. ठेंगणा, फार तर दोन माणसांच्या उंचीचा, बुंध्यापासूनच पाच-सहा फांद्या फुटलेला, पान लहान आणि तीन टोकांचं. वसंतात त्याला पांढरट, मंद वासाची फुलं येतात, उन्हाळ्यात तांबूस पंखांच्या बियांचे घोस लटकतात, आणि ऑक्टोबरमध्ये ते असं लाल होतं की शेजारच्या घराच्या भिंतीवर त्याची लाली पडते. रेजिनाच्या अंगणात काकांकडे असं एक झाड होतं. इकडे येताना त्याच्या बिया त्यांनी मेतकुटाच्या डब्यात भरून आणल्या आणि नव्या घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पेरल्या. "उणे चाळीसमध्ये जो उभा राहते," ते म्हणायचे, "त्याला आपण सलाम करतो. मग तो माणूस असो की झाड."

लंडनची माती मऊ आणि थंडी रेजिनाच्या मानाने अगदीच पाहुणचार केल्यासारखी. झाड जोमाने वाढलं. त्याच्याखाली दर वर्षी रोपं उगवू लागली, आणि काकांना दानशूरपणाची बाधा झाली. कोणी घर घेतलं, रोप. कोणाला मूल झालं, रोप. कोणाला सिटिझनशिप मिळाली, रोप. सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर द्रोण मिळावा तसं काकांच्या घरून निघताना कुंडी मिळायची, आणि कुंडीला चिठ्ठी: 'अमूर मेपल. उंची अकरा इंच. पाणी आठवड्यातून दोनदा. प्रेमाची गरज नाही.' आमच्याही परसात एक होतं. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या निमंत्रणावर पणतीऐवजी काकांच्या लाल झाडाचा फोटो छापला जायचा, आणि काका ते निमंत्रण पोस्टाने रेजिनाच्या जुन्या दोस्तांना पाठवायचे.

काकांच्या घरामागे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे ओढ्याकाठचं छोटंसं रान. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका शनिवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. रानाच्या बाजूने एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात मुळासकट उपटलेलं एक रोप. त्यांनी कुंपणावरून ते रोप उंच धरलं आणि विचारलं, "हे तुमच्या झाडाचं आहे का?"

काकांचा चेहरा उजळला. "येस! ब्यूटिफुल, नो?" म्हणत ते आत गेले आणि बाईंना भेट द्यायला आणखी एक कुंडी घेऊन आले.

बाईंनी कुंडी हातात घेतली, चिठ्ठी वाचली, आणि फार सौजन्याने सांगितलं की त्या आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण दर आठवड्याला या रानातून हीच रोपं उपटत असतात. वाऱ्यावर बिया येतात, रुजतात, दाट झुडपं माजतात, आणि त्यांच्या सावलीत इथली मूळची रानफुलं मरतात. हे झाड दिसायला गोड आहे, पण ते इथलं नाही आणि ते थांबत नाही.

"मॅडम," काका ताठ उभे राहून म्हणाले, "हे झाड उणे चाळीसमध्ये जगतं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तीच तर अडचण आहे."

त्यानंतर तीन दिवस काका कोणाशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे एकाच विषयावर बोलले. "रेजिनामध्ये चाळीस वर्षं होतं, कुंपणाबाहेर गेलं नाही. त्या बाईला झाडातलं काय समजते?" असं ते मला, मुलीला, डाकवाल्याला आणि कॅलिफोर्नियाच्या मावसमेहुण्याला सांगत होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अबे जावई, जुने बूट घालून ये. मोजून पाहू."

आम्ही रानात गेलो. काकांनी चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधून दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला, आणि गुडघ्यावर बसून रोपं मोजू लागले. ते आकडा सांगायचे, मी वहीत टिपायचो. बोटाएवढी रोपं, वीतभर रोपं, कमरेएवढी झुडपं. चौकोन अर्धा संपला तेव्हा आम्ही शंभराच्या पुढे गेलो होतो. काका मोजायचे थांबले. पलीकडे, जिथवर मेपल अजून पोचला नव्हता तिथे, ट्रिलियम ही इथली तीन पाकळ्यांची पांढरी रानफुलं फुलली होती, जमिनीवर कोणी रुमाल वाळत घातल्यासारखी. आमच्या चौकोनात एकही नव्हतं.

परत येताना ते कुंपणाला टेकून उभे राहिले. "तरुणपणी एका रस्त्याखालची मोरी लहान काढली होती मी," ते म्हणाले. "बर्फ वितळला, पाणी तुंबलं, आणि एका म्हाताऱ्याच्या शेतात घुसलं. साहेब म्हणाला, पत्र पाठवून दे. मी गाडी काढून त्याच्या घरी गेलो. आपली चूक कोणाच्या शेतात गेली ते आपण जाऊन पाहायचं असते बाप्पा. पत्रानं नाही होत ते." मग त्यांनी विचारलं, "आपण किती लोकांना दिलं रे हे झाड?"

आठवून आठवून यादी केली. एकतीस घरं निघाली.

जूनमध्ये मंडळाची सहल होती. जेवणं झाल्यावर काका उभे राहिले आणि त्यांनी सर्वांना आपापली झाडं परत मागितली. मोटारगाड्यांच्या कंपन्या खराब गाड्या परत बोलावतात तसंच हे समजा, म्हणाले. प्रत्येक झाडाच्या बदल्यात सर्व्हिसबेरीचं रोप मिळेल, ते इथलंच आहे, त्याला पक्षी येतात. दिलेलं परत मागायची रीत आपल्यात नाही. घेणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. तेवढ्यात मंडळाचे माजी अध्यक्ष, ज्यांना कुठल्याही प्रसंगी भाषण स्फुरतं, ते उठले. "काका, आपणही बाहेरूनच आलोय की! झाड परकं म्हणून उपटायचं, तर मग उद्या आपल्यालाही उपटतील!" टाळ्या पडल्या. काकांनी त्या थांबू दिल्या.

"तू झाड आहेस काय?" त्यांनी विचारलं. "तुला दोन पोरं आहेत, आणि त्या दोघांतच तुला दम लागला. हे एका सीझनमध्ये हजारो बी सोडते. झाडाची गोष्ट झाडाजवळ, माणसाची माणसाजवळ. तुझं झाड मी शनिवारी न्यायला येतो. दहा वाजता."

आणि मग तो सगळा उन्हाळा मी, माझी व्हॅन, दोन फावडी आणि काका. सुरुवात माझ्यापासून झाली. मी आत चहा टाकून बाहेर येईपर्यंत माझं झाड मुळासकट व्हॅनमध्ये जाऊन पडलं होतं आणि त्या जागी सर्व्हिसबेरी उभी होती. "तू घरचा आहेस, तुला काय विचारायचं," हे स्पष्टीकरण. माजी अध्यक्षांच्या घरी तर नाट्यच झालं. काका परसात गेले आणि हे माझं झाड नव्हे म्हणाले. अध्यक्ष घाम पुसत राहिले. शेवटी त्यांच्या पत्नीने सांगून टाकलं की काकांनी दिलेलं रोप पहिल्याच उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्राखाली गेलं, आणि काकांना वाईट वाटेल म्हणून यांनी त्या जागी दुकानातून दुसरंच कसलं तरी झाड आणून लावलं. काका दर दिवाळीला, पानं झडलेली असताना, रात्री खिडकीतूनच पाहून "छान वाढलं" म्हणायचे, आणि हे हो हो म्हणायचे. काकांनी अध्यक्षांना कडकडून मिठी मारली. "एकतीसमध्ये तू एकटाच शहाणा निघालास बे!" त्यांना सर्व्हिसबेरी मात्र घ्यावीच लागली.

सगळीकडे असं हसत झालं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक वयस्क डॉक्टरीणबाई राहतात, एकट्याच. त्यांनी आम्हाला बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि शांतपणे सांगितलं, "मी झाड देणार नाही. ह्यांचा पलंग शेवटचे सहा महिने त्या खिडकीशी होता. दिवसभर त्या झाडाकडेच बघत असायचे." काका आता वाद घालतील म्हणून मी वाट पाहिली. ते उठले, बाहेर गेले, झाडाभोवती एक फेरी मारून परत आले. "ठीक आहे वहिनी. झाड राहू द्या. ऑगस्टमध्ये बी धरलं की मी येऊन सगळे घोस कापून नेतो. दर वर्षी येईन." आणि ऑगस्टमध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते शिडीवर चढले. मी शिडी धरून होतो. खालून डॉक्टरीणबाई "डावीकडे एक राहिलाय, भाऊजी" असं सांगत होत्या. त्या दिवशी परतताना गाडीत घोसांची तीन पोती होती आणि काका कितीतरी महिन्यांनी शीळ घालत होते.

एकतीस घरं संपली. डॉक्टरीणबाईंचं सोडलं तर राहिलं एकच झाड, काकांचं स्वतःचं. त्याचे घोस त्यांनी सर्वांत आधी कापले होते, पण झाड तसंच उभं होतं. आमच्यात कुजबुज सुरू झाली: दुसऱ्यांची तोडली, स्वतःचं म्हटल्यावर हात कचरतो. रबरी बूटवाल्या बाईंनी मात्र एकदाही विषय काढला नाही. काका आता दर शनिवारी त्यांच्याबरोबर रानात रोपं उपटायला जात होते, तेव्हाही नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. भाकरी वाढता वाढता मावशी म्हणाल्या, "अहो, लोकांच्या घरी जाऊन झाडं उपटलीत. आपलं कधी?"

काकांनी मान वर केली नाही. "तू म्हणशील तेव्हा."

"मला वाटलं, तुम्हालाच जड जातंय."

"मला कशाचं जड?" काका म्हणाले. "झाड तुझं आहे."

मग ती गोष्ट मावशींनी सांगितली, जी आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. रेजिनात आल्यावर पहिली तीन वर्षं मावशींनी अंगणात जे जे लावलं ते ते मेलं. तुळस घरात मेली, गुलाब बाहेर मेले, लायलॅकसुद्धा तग धरेना. पाच महिने खिडकीबाहेर नुसतं पांढरं. काका रस्त्यांवर आठवडा आठवडा बाहेर, आणि मावशी परत जायचं म्हणत होत्या. एकट्या गेल्या असत्या तरी चाललं असतं, इतक्या निकरावर आल्या होत्या. शेजारच्या युक्रेनियन आजीबाईंनी अमूर मेपलची एक काटकी आणून दिली, तीही त्यांनी रागारागाने खोचली. पुढच्या मे महिन्यात त्या काटकीला पानं फुटली. "त्या दिवशी मी आईला पत्र लिहिलं," मावशी म्हणाल्या, "की आता इथे राहायला हरकत नाही." काका भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. पत्राचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण काटकीचं होतं.

"पानं लाल होऊ देत," मावशींनीच ठरवलं. "एकदा सगळ्यांना बोलवू. मग पाडू."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सर्व एकतीस घरं त्या परसात जमली. मावशींनी साबुदाणावडे केले, नागपूरकरांच्या समाधानासाठी पाटवडीचा रस्साही केला. डॉक्टरीणबाई आल्या, रबरी बूटवाल्या बाई चक्क साडीत आल्या, कोणीतरी त्यांना नेसवली होती, खाली बूट तेच. माजी अध्यक्ष भाषण करायला उठले आणि झाडाकडे पाहून नुसतेच बसले. इतकं लाल ते झाड कधी झालं नव्हतं, असं प्रत्येक जण म्हणत होता. खरं तर दर वर्षीच व्हायचं.

पुढच्या शनिवारी आम्ही ते पाडलं. करवत काकांनीच हातात घेतली, पहिल्या फांदीला चार-पाच वेळा चालवली, मग माझ्या हातात दिली. उरलेलं मी आणि त्यांच्या मुलीच्या नवऱ्याने केलं. मावशी आत होत्या. भजनं एरवीपेक्षा मोठ्याने लावली होती. झाड आडवं झाल्यावर काकांनी त्याची लांबी मोजली. किती भरली ते कोणाला सांगितलं नाही. आत गेलो तर स्वयंपाकघर उन्हाने भरून गेलं होतं. मावशी ओट्याशी डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या. "अगंबाई, केवढं ऊन येतं इथे," त्या म्हणाल्या, "आता पडदा शिवावा लागणार." आणि आमच्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवू लागल्या.

यंदाच्या मे महिन्यात मी काकांबरोबर पुन्हा रानात गेलो. त्यांना आता गुडघ्यावर बसवत नाही. बाई त्यांच्यासाठी एक बुटकं स्टूल आणतात, त्यावर बसून हाताला येतील तेवढी रोपं ते उपटतात आणि सरकत सरकत पुढे जातात. आमचा तो जुना चौकोन मोकळा झाला होता. नुसती काळी, ओली माती. मी बाईंना विचारलं, इथे ट्रिलियम परत कधी येतील? त्या म्हणाल्या, बी रुजून फूल यायला फार वेळ लागतो. सगळं नीट झालं तर दहा वर्षं.

"हौ, चालते," काका म्हणाले, आणि पुढच्या रोपाला हात घातला.

परत येताना त्यांनी माझा दंड धरला होता. कुंपणाशी पोचल्यावर ते थांबले, मागे वळून त्या उघड्या मातीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दहा वर्षांनी तू इथेच असशील ना रे?"

मी हो म्हणालो.

"मग एकदा येऊन पाहून जाजो." ते एवढंच म्हणाले. आणि मग, आपण फार मागितलं असं वाटून की काय, घाईघाईने पुढे जोडलं, "वेळ असला तर."